पेव भाड्याचं, हळद आपली

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी सांगलीजवळ माधवनगरला राहते. गेली सहा वर्षं सासूबाई आणि मी हळद दळून विकतो. तीन प्रकारचे बेदाणे, हळकुंडं, मेतकूट, भाजणी असे सगळे मिळून नऊ जिन्नस आहेत. मिस्टर मार्केट यार्डात अडत दुकानात कामाला आहेत, त्यामुळे माल पारखून मिळतो. विक्री सगळी व्हॉट्सॲपवर, वर्षाला तीन लाखांच्या आसपास. निम्मं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. आता जो तो म्हणतो, वेबसाइट काढा. भाचा म्हणतो विक्स घे, कोडिंग लागत नाही, अर्ध्या दिवसात होते. धाकटे दीर पुण्याला आयटीत आहेत, ते म्हणतात वर्डप्रेसच घ्या, मी करून देतो. मैत्रीण शॉपिफायचं नाव घेते. मध्येच एका कंपनीचा फोन आला, ३५ हजारांत सगळं करून देतो म्हणाले. मला कॉम्प्युटर येत नाही, मोबाइल मात्र सगळा येतो. वर्षाला आठ-दहा हजार घालू शकतो. दर सासूबाई ठरवतात, तो सारखा बदलतो. आणि दिरांना नाही म्हटलं तर घरात वाईट दिसेल. काय घेऊ?"

ताई,

चार जणांनी तुम्हाला चार वाटा दाखवल्या आणि तुम्ही मला पाचवी विचारताय. पाचवी मी सांगणार नाही, शक्यतो त्या चारांतलीच एक निवडू. पण त्याआधी जरा तुमच्या सांगलीशेजारच्या हरिपूरला जाऊन येऊ.

हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तुमच्या सासूबाईंनी नक्की पाहिली असतील. संगमाजवळची ती माती अशी, की जमिनीत पेव खणून हळद आत ठेवली की वर्षानुवर्षं तिला काही होत नसे. २००५ च्या महापुरानं त्या पेवांची पार दैना केली, ते सोडा. मला त्यातला व्यवहार आठवतो. पेव एकाचं, हळद दुसऱ्याची. ठेवणारा पोती मोजून ठेवायचा, भाडं द्यायचा, भाव आला की मोजून काढायचा. दुसऱ्याच्या जमिनीत माल पुरताना कुणी घाबरत नसे, कारण कुणाची किती पोती आत आहेत ते वहीत लिहिलेलं असे.

विक्स, शॉपिफाय, स्क्वेअरस्पेस, झोहो, या तयार वेबसाइट बांधून देणाऱ्या सेवांना 'बिल्डर' म्हणतात. ही सगळी भाड्याची पेवं आहेत. जागा त्यांची, साइट ठेवलेला कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, त्यांचा, सजावटीचं सामानही त्यांचंच. तुम्ही बोटानं चित्र सरकवायचं, मजकूर टाकायचा, आतलं कोड ते लिहितात. यात वाईट काही नाही. फक्त तुमची हळद कोणती ते आधी ओळखा, कारण तीच तुम्हाला उद्या मोजून बाहेर काढता आली पाहिजे. माझ्या हिशेबी ती तीन पोती आहेत: तुमच्या दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे डोमेन; तुमचे फोटो आणि मजकूर; आणि तुमच्या गिऱ्हाइकांची यादी. ही तीन तुमच्या घरात असतील तर पेव कुणाचंही चालेल. नसतील तर दिरांनी बांधलेलं पेवसुद्धा चालणार नाही.

विक्सबद्दल तुम्हाला कुणीतरी भीती घातली असेल किंवा घालेल, की एकदा आत गेलात की बाहेर पडता येत नाही. ते खरं आहे. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही, ती तिथेच चालते. इतकंच काय, एकदा एक टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, घेऊन साइट मांडली की त्याच साइटवर नंतर दुसरं टेम्प्लेट चढवता येत नाही, पुन्हा नव्यानं मांडावं लागतं. वस्तूंची आणि गिऱ्हाइकांची यादी तेवढी एक्सेलमध्ये उघडेल अशी उतरवून घेता येते.

पण ताई, तुमचे जिन्नस नऊ. नऊ फोटो, नऊ परिच्छेद, एक घराची गोष्ट, एक पत्ता. उद्या विक्स सोडून दुसरीकडे जायचं झालं तर रात्रीची जेवणं उरकल्यावर बसलात तरी दोन रात्रींत सगळं नव्यानं मांडून होईल. ज्याचे नऊशे जिन्नस आहेत आणि दहा वर्षांचे लेख आहेत, त्यानं या भीतीनं झोप घालवावी. तुम्ही नका घालवू.

तुम्हाला खरी भीती हवी ती डोमेनची, आणि तिथे मी स्वतः पोळले आहे. सांगलीच्या गावभागात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, दुकान होतं. पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं. पहिली वेबसाइट काढली तेव्हा एका ओळखीच्या मुलानं "ताई, डोमेन मीच घेऊन टाकतो, तुम्ही पैसे द्या" म्हटलं, आणि मी दिले. त्यानं त्याच्या ईमेलवर, त्याच्या खात्यात घेतलं. मुलगा चांगला होता, अजूनही चांगला आहे. पण नोकरी लागली, बंगळूरला गेला, ईमेल बदलला. नूतनीकरणाची सूचना त्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि कुणी ती उघडली नाही. एक दिवस माझ्या नावावर कुठल्या तरी भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. पावतीपुस्तकांवर छापलेला पत्ता, पाटीवर रंगवलेला पत्ता, सगळा गेला. परत मिळवायला गेले तर दुसऱ्यानंच विकत घेतलेलं. यात फसवणूक कुणाचीच नव्हती, आळस होता, तोही बराचसा माझाच.

म्हणून आज संध्याकाळी पहिलं काम हे करा. दुकानासाठी एक नवा ईमेल काढा, तो तुमच्या आणि मिस्टरांच्या अशा दोन्ही मोबाइलवर चालू ठेवा. त्या ईमेलनं, तुमच्या नावानं, डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे स्वतः खातं उघडा. डॉट इनचं डोमेन वर्षाला साधारण हजाराच्या आत येतं. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन दुसऱ्या वर्षी दुप्पट घेणारेही असतात, तेव्हा नूतनीकरणाचा आकडा बघूनच घ्या. जमलं तर एकदम तीन वर्षांचं भरा. नाव असं ठेवा की फोनवर एकदा सांगितलं की समोरच्यानं बरोबर लिहावं. मध्ये रेघ नको, आकडा नको. 'हळद' इंग्रजी अक्षरांत लोक दोन-तीन तऱ्हेनं लिहितात, तेव्हा नावात तो शब्द घालण्यापेक्षा घरचं आडनाव किंवा गावाचं नाव सोपं पडेल. डॉट भारत असं देवनागरी डोमेनही २०१४ पासून मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण पाकिटावर डॉट इनच छापा, कारण लोक पत्ता इंग्रजी कीबोर्डनंच टाइप करतात.

डोमेन तुमच्या खात्यात आलं की बिल्डरकडे फक्त त्याचं बोट दाखवायचं असतं. आज विक्सकडे, उद्या दुसरीकडे. पाकिटावरचा पत्ता तोच राहतो. बिल्डरवालेच वर्षभर डोमेन फुकट देतो म्हणतील. नको म्हणा. गाळा आणि पाटी एकाच मालकाकडून घेतली की गाळा सोडताना पाटीसाठी हुज्जत घालावी लागते.

आता दीर. पुण्याच्या दिरांचं म्हणणं तत्त्वानं बरोबर आहे, हे त्यांना माझ्या नावानं सांगा. वर्डप्रेस २००३ सालापासून आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात आणि सगळा माल आपल्या हातात राहतो. फक्त घरात बोलताना एक घोळ होतो. वर्डप्रेस दोन आहेत. एक डॉट ऑर्गवालं, म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर, जे आपण घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, बसवायचं. दुसरं डॉट कॉमवालं, ती विक्ससारखीच भाड्याची सेवा. दीर बहुतेक पहिल्याबद्दल बोलत असणार. त्यात ते एलिमेंटर नावाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, टाकतील, म्हणजे तुम्हालाही बोटानं सरकवता येईल, वूकॉमर्स टाकतील म्हणजे दुकान होईल. सगळं छान. पण मग प्लगिनं अद्ययावत कोण करणार? बॅकअप कोण घेणार? वर्डप्रेसच्या ज्या साइट हॅक होतात त्यातल्या बऱ्याच जुन्या, तशाच पडलेल्या प्लगिनांतून होतात. दिवाळीच्या आठवड्यात पैसे भरायचं पान उघडेनासं झालं आणि दीर ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तर तुम्ही काय करणार? तुम्ही फोन करणार नाही, कारण सारखं सारखं कसं सांगायचं. ते उचलणार नाहीत, कारण त्यांनाही कामं आहेत. दोन महिन्यांनी जाऊबाई तुमच्याशी जरा तुटक बोलायला लागतील. वर्डप्रेसची ही किंमत कुठल्या दरपत्रकात छापलेली नसते.

माझं मत, तुमच्या घरात वर्डप्रेस नको. घरात कॉम्प्युटरवर बसणारं, महिन्यातून दोन तास देणारं एक माणूस असतं तर मी वर्डप्रेसच म्हटलं असतं. मुलगा-मुलगी कॉलेजला गेल्यावर पुन्हा विचार करा.

दिरांना नाही म्हणू नका, दुसरं काम द्या. "भावजी, डोमेन माझ्या नावानं घेऊन द्या, त्याच्या सेटिंग मला समजावून सांगा आणि जास्तीची किल्ली तुमच्याकडे ठेवा." डोमेन बिल्डरला जोडायचं काम नवख्या माणसाला खरंच जड जातं. त्यांना ते दहा मिनिटांचं, आणि वर्षातून एकदाच. मानही राहतो, कामही होतं.

३५ हजारवाल्यांचं काय करायचं? सगळेच लबाड नसतात. काही जण विक्स किंवा वर्डप्रेसवरच तयार टेम्प्लेट बसवून देतात, त्यांच्या वेळेचे पैसे घेतात, त्यात गैर काही नाही. फक्त पुन्हा फोन आला की विचारा: डोमेन कुणाच्या नावावर राहणार, मुख्य पासवर्ड मला मिळणार का, दुसऱ्या वर्षी किती द्यायचे, आणि दर बदलायचा झाला तर मी बदलायचा की तुम्हाला कळवायचं. शेवटच्या प्रश्नाला "तुम्ही फक्त व्हॉट्सॲप करा मॅडम, आम्ही दोन दिवसांत करून देतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. बेदाण्याचा भाव सौद्यात सकाळी ठरतो आणि तुमच्या सासूबाई दुपारी पाटी बदलतात. दोन दिवस कोण थांबणार?

शॉपिफाय चांगलं दुकान आहे, पण नऊ जिन्नसांना ते मोठं पडतं. दरमहा भाडं आहे, शिवाय त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नसल्यानं बाहेरचा गेटवे, म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन देणारी सेवा, जोडावा लागतो, आणि बाहेरचा जोडला म्हणून शॉपिफाय आपला वेगळा टक्का घेतं. मैत्रिणीचा खप मोठा असेल, तिला परवडत असेल.

आणि फुकटचं? गुगल साइट्स फुकट आहे, आपलं डोमेनही जोडता येतं, पण त्यात दुकान नाही. नुसतं माहितीचं पान हवं असेल तर मी आनंदानं तेच सांगितलं असतं. विक्सचा फुकट प्लॅन सरावापुरता घ्या. त्यावर आपलं डोमेन लागत नाही, त्यांची जाहिरात दिसते आणि ऑनलाइन पैसे घेता येत नाहीत. बाकी, फुकट पेवाचा मालक कधी पेव बुजवेल सांगता येत नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत छोट्या दुकानदारांना मिळणाऱ्या फुकट साइट गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंदच करून टाकल्या. प्रोफाइल मात्र आहे, ते तुम्ही नक्की काढा. नकाशावर दुकान दिसतं, फोन नंबर दिसतो, त्याला पैसा पडत नाही.

तर उरलं विक्स. भाच्याचं म्हणणं मान्य, पण त्याचं कारण मला पटत नाही. अर्ध्या दिवसात साइट होते म्हणून विक्स घेऊ नका. विक्सचं मोबाइल ॲप आहे आणि त्यातून मालाचा दर बदलता येतो, म्हणून घ्या. झोहोचंही बघा. कंपनी आपल्या तमिळनाडूची आहे, रुपयांत बिल मिळतं. दोन्हीवर पैसे न भरता हात साफ करता येतो. दोन्हीवर एकच जिन्नस, म्हणजे अर्धा किलो हळद पावडर टाका, आणि मग मोबाइलवरून तिचा दर बदलून बघा. भाच्याला खोलीबाहेर ठेवून. ज्यावर तुम्हाला कुणाला न विचारता, गॅसवर दूध असताना दर बदलता आला, ते घ्या. बाकी टेम्प्लेटं, ॲनिमेशन, 'एआय साइट बनवून देतो' वगैरे पहिल्या दिवशीची मजा आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं सहन करा. मराठी अक्षरं.

तुमच्याकडे हँडबिल छापलेलं असेल. त्याचा मजकूर प्रेसवाल्याकडून फाइलीत मागवाल आणि साइटवर चिकटवाल, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसेल. घाबरू नका. आम्ही डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपी नावाच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत आलो. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, फॉन्ट काढला की मराठी गायब. वेबसाइटला युनिकोड लागतं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच राहणारी अक्षरं. कन्व्हर्टर मिळतात, पण ते रफार आणि 'ऱ्या' यांत हमखास माती खातात. त्यापेक्षा सोपी गोष्ट सांगते. व्हॉट्सॲपवर तुम्ही गिऱ्हाइकांना सहा वर्षं जे मराठी लिहीत आलात ते युनिकोडच आहे. तुमच्या बेदाण्याचं तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाला केलेलं वर्णन शोधून काढा, तेच साइटवर चिकटवा. हँडबिलावरच्या "सुवर्णसंधी"पेक्षा ते नक्कीच चांगलं असणार.

दुसरं, बिल्डरांची टेम्प्लेटं इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून काढलेली असतात. मथळ्यात अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची त्यांना हौस. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'हळद' दात पडल्यासारखी दिसते. सेटिंगमध्ये अक्षरांतलं अंतर शून्य करा. ओळींतलं अंतर मात्र थोडं वाढवा, नाहीतर वरचे अनुस्वार आणि वेलांट्या छाटल्या जातात. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा बालू बघा, दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले आणि फुकट आहेत. टिरो देवनागरी मराठी नावाचा एक आहे, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. सासूबाईंना तो आवडेल. बिल्डरमध्ये यातला कोणता आहे ते बघा, आणि पैसे भरायच्या आधी 'दुसऱ्या', 'हळकुंडं', 'दर्जा', 'ॲप' हे चार शब्द टाकून पाहा. बटणांवरचे, बिलावरचे आणि ईमेलमधले शब्दही मराठीत बदलता येतात का तेही पाहा. "टोपलीत टाका" असं बटण मी एका साइटवर पाहिलं होतं, फार गोड वाटलं होतं.

प्रत्येक जिन्नसाच्या मराठी वर्णनाखाली दोन ओळी इंग्रजीतही द्या. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मराठीत बोलतं पण गुगलवर इंग्रजी अक्षरांत शोधतं.

पैशांचं. साइटवर कार्ड-यूपीआय सगळं चालावं म्हणून गेटवे लावला तर तो साधारण दोन टक्के घेतो आणि त्या दोन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. ६५० रुपयांच्या ऑर्डरला १३ रुपये आणि वर दोन रुपये ३४ पैसे. तीन लाखांची सगळी विक्री गेटवेतून गेली तर वर्षाला ७,०८० रुपये. तुमचं बरंचसं बजेट तिथेच संपलं. म्हणून पहिल्या वर्षी गेटवे लावू नका. साइटवर माल आणि दर दाखवा, "व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या" असं बटण ठेवा, पैसे आज घेता तसेच यूपीआयनं घ्या. विक्सचा दुकानाचा प्लॅनही मग लागणार नाही, खालच्या प्लॅनवर भागेल. फक्त पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल बांधू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये आलेले बघा. खोटे स्क्रीनशॉट आता शाळेतली पोरंही करतात. ऑर्डरी रोज दहाच्या पुढे गेल्या आणि कुणी पैसे दिले, कुणी नाही याचा मेळ लावताना रात्रीचे बारा वाजू लागले, की गेटवे लावा. तेव्हा ते दोन टक्के तुमच्या झोपेचे समजा.

कुरियरचाही एक खाचखळगा सांगून ठेवते. कुरियरचे टप्पे अर्ध्या किलोचे असतात. तुमचं अर्धा किलोचं पाकीट डब्यासकट ५०० ग्रॅमच्या पुढे जातं आणि भाडं पुढच्या टप्प्याचं लागतं. साइटवर पोचवणावळ लिहिताना पॅकिंगसकट वजन करा.

कायद्याचं थोडक्यात. फूड लायसन्सचा नंबर, निव्वळ वजन, किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर, हे पाकिटावर आहे तसं साइटवरही दिसलं पाहिजे. महाराष्ट्राबाहेर माल पाठवणार असाल तर जीएसटीचं आधी सीएला विचारा, उलाढाल लहान आहे म्हणून सुटका होईलच असं नाही. आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, म्हणून भाचा इंटरनेटवरून जीआयचं बोधचिन्ह उतरवून साइटवर लावेल. लावू देऊ नका. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी झाल्यावरच ते लावता येतं. तुम्ही करून घ्या नोंदणी, तुमचा हक्क आहे.

फोटो मोबाइलवरच काढा, खिडकीपाशी, सकाळी, पांढऱ्या ताटात. पिवळ्या कापडावर हळद आणि हिरव्यावर हिरवा बेदाणा ठेवू नका, मी पाहिलंय लोकांना. मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो २०० केबीपर्यंत लहान करून टाका, नाहीतर जत-आटपाडीकडे कुणी उघडलं तर पान येईपर्यंत चहा होतो. पण मूळ मोठे फोटो पुसू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा माझ्या दुकानात शिरली. कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, सगळं चार दिवस पाण्याखाली. माझी वेबसाइट मात्र चालूच होती, कारण ती दूर कुठल्या तरी सर्व्हरवर होती. लोकांना वाटलं दुकान उघडं आहे, फोन यायचे. पण जे फोटो परत मिळाले ते साइटवरून उतरवलेले, लहान केलेले. मूळ फोटो गेले ते गेलेच. म्हणून सांगते, मूळ फोटो, मजकूर आणि गिऱ्हाइकांची यादी गुगल ड्राइव्हवर ठेवा. यादी दर महिन्याला नवी करा. हीच ती वहीतली पोत्यांची नोंद.

आणखी एक. बिल्डरचे पहिल्या वर्षाचे दर सवलतीचे असतात, दुसऱ्या वर्षी पूर्ण. वर कर धरा, परदेशी कंपनी असेल तर डॉलरचा फेरही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापले जायला आधी आपली रीतसर संमती नोंदवावी लागते. ती परदेशी कंपनीकडे जुळली नाही की पैसे कापलेच जात नाहीत, आणि साइट गपचूप बंद पडते. तेव्हा आपोआप होईल यावर विसंबू नका. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. डोमेनची वेगळी, बिल्डरची वेगळी.

दसऱ्याच्या आत करा म्हणजे दिवाळीच्या बेदाण्याच्या ऑर्डरींना उपयोगी पडेल. रविवारी डोमेन घ्या, दिरांना फोनवर सोबत घेऊन. सोमवारी एक जिन्नस टाका. मग मोबाइल सासूबाईंच्या हातात द्या आणि म्हणा, "आई, आजचा दर घाला." चष्मा लावून, तर्जनीनं एकेक आकडा दाबत का होईना, त्यांना जमलं तर उरलेले आठ जिन्नस मंगळवारी टाकायला घ्या. नाही जमलं तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरं पेव बघू.